प्रस्तावना : रंगावलीकाठून लार्जिलिएरकडे

नवापूरच्या तांदळाबद्दल सतराव्या शतकातल्या एका फ्रेंच जवाहिऱ्याने लिहून ठेवलं आहे. दाणा नेहमीच्या तांदळापेक्षा बराच बारीक, शिजल्यावर बर्फाहून पांढरा आणि वास कस्तुरीचा. हिंदुस्थानातले अमीर-उमराव याच्याशिवाय दुसरा भात खात नाहीत, आणि इराणात कुणाला मनाजोगी भेट द्यायची तर या तांदळाचं पोतं न्यावं, असंही तो सांगतो. गाव मोठं आहे, विणकरांनी भरलेलं आहे, जवळून नदी वाहते आणि तिच्या पाण्याने इथली जमीन कसदार झाली आहे, एवढं त्याने टिपलं. ती नदी म्हणजे आमची रंगावली. जवाहिऱ्याचं नाव झाँ-बातिस्त टॅव्हर्निअर. ज्याने एक मोठा निळा हिरा हिंदुस्थानातून नेऊन चौदाव्या लुईला विकला, आणि जो हिरा पुढे पैलू पडत पडत ‘होप डायमंड’ या नावाने जगभर गाजला, तो हा टॅव्हर्निअर.

त्याचं एक तैलचित्र जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहराच्या संग्रहालयात आहे. अंगावर पूर्वेकडचा पोशाख आहे. चित्रकार आहे निकोला द लार्जिलिएर. व्हॅलेंटाइन बॉल यांनी टॅव्हर्निअरच्या प्रवासवृत्ताचं इंग्रजी भाषांतर १८८९ साली प्रसिद्ध केलं. ते वाचताना मला नवापूर सापडलं, आणि टॅव्हर्निअरचा चेहरा शोधताना लार्जिलिएर. मी चित्रकलेचा शिक्षक. नोकरीची बहुतेक वर्षं याच नंदुरबार जिल्ह्यात गेली. आमच्या गावाच्या भातावर ज्याची नजर ठरली, त्याच्यावर कुणाची नजर ठरली होती, हे जाणून घ्यावंसं वाटलं. हे पुस्तक तिथून सुरू झालं. वर्षभर मी लार्जिलिएरची चित्रं छापील प्रतींतून भिंग लावून पाहिली, त्याच्या आयुष्याचे धागे जुळवले, आणि लक्षात आलं की हा चित्रकार आपल्याला वाटतो तितका परका नाही.

‘नंदुरबारमध्ये बसून फ्रेंच दरबारी चित्रकारावर पुस्तक कशाला?’ हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. तो रास्त आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

सुरत-भुसावळ लोहमार्ग १९०० च्या सुमारास पूर्ण झाला. आपण त्या गाडीत बसतो तेव्हा जवळजवळ एका फार जुन्या वाटेवरूनच जातो. सुरत, बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, मग शिंदखेडा, थाळनेर, चोपडा आणि शेवटी बऱ्हाणपूर. मोगलांच्या काळात समुद्रावर उतरलेला माल आणि माणूस आग्र्याकडे निघाला की एक मुख्य मार्ग हाच. नवापूरला वाट फुटायची : एक नंदुरबारकडे, दुसरी पिंपळनेरवरून घाट चढून दौलताबाद आणि पुढे गोवळकोंड्याच्या हिऱ्यांकडे. १६१० साली इंग्रज व्यापारी विल्यम फिंच या वाटेने गेला. नंदुरबारच्या अलीकडे त्याने थडगी, विलासमहाल, किल्ला आणि सुंदर तलाव पाहिला. १६१५ साली इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो याच वाटेने बऱ्हाणपूरला गेला. पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी १६३० साली आला तेव्हा मोठा दुष्काळ पडला होता, आणि त्याच्या लिखाणात या वाटेवरची भुकेलेली, मरणारी माणसं आहेत. ती पानं वाचताना हात थांबतो. टॅव्हर्निअरने नवापूरच्या अलीकडे एका सराईचा उल्लेख केला आहे; ती शाहजहानच्या मुलीने, बेगम साहेबने, धर्मकार्य म्हणून बांधवली होती, कारण मधलं जंगल मोठं आणि डोंगरातले राजे मोगलांना जुमानत नसत.

त्या डोंगरातल्या राजांना प्रवासी सहज लुटारू म्हणून टाकतात. मला ते पटत नाही. ज्यांच्या रानातून बैलांचे तांडे रात्रंदिवस जायचे, त्यांनी वाटेचा हक्क मागितला तर त्याला काय म्हणायचं, हे लिहिणारा कोणत्या बाजूला उभा आहे यावर ठरतं. पण त्यांच्यापैकी कुणीही लिहून ठेवलं नाही आणि कुणाचंही चित्र काढलं गेलं नाही. भात पिकवणाऱ्याचं नाही, मागावर बसलेल्याचं नाही, तांडा हाकणाऱ्या लमाणाचं नाही. त्या शतकात आमच्या वाटेवरून गेलेल्यांपैकी तैलरंगात उतरलेला चेहरा माझ्या पाहण्यात आला तो टॅव्हर्निअरचा. व्यक्तिचित्र कुणाचं होतं आणि कुणाचं होत नाही, हा प्रश्न या पुस्तकाच्या मुळाशी आहे. नंदुरबारच्या शाळेतल्या मुलाला विचारा, त्याला एक तसबीर नक्की ठाऊक असते : ९ सप्टेंबर १९४२ ला चले जाव चळवळीत गोळी झेललेल्या शिरीषकुमारची. गावाला चेहरा लाभणं म्हणजे काय, हे आम्हाला त्या तसबिरीमुळे कळतं.

आता लार्जिलिएरकडे येऊ. त्याचा जन्म १६५६ चा, पॅरिसचा. पण तो तीन वर्षांचा असतानाच टोप्यांचा व्यापार करणारे त्याचे वडील कुटुंबासह अँटवर्पला गेले. पोर वाढला तो बंदराच्या शहरात. आणि बंदर कसलं, तर समुद्र हिरावला गेलेलं. त्याच्या शंभर वर्षं आधी अँटवर्प युरोपातलं सर्वांत गजबजलेलं व्यापारी शहर होतं; मिरी, साखर, कापड, सगळं तिथे येऊन पुढे वाटलं जायचं. १५८५ साली स्पेनच्या सैन्याने शहर घेतलं, उत्तरेकडच्या डचांनी शेल्ट नदीचं मुख अडवलं, आणि १६४८ च्या तहाने त्या अडवणुकीवर शिक्कामोर्तब झालं. जहाजं अॅमस्टरडॅमला वळली. गोदामं, पेढ्या, श्रीमंत घरं आणि चित्रकारांचा संघ मात्र तिथेच राहिला. रुबेन्स आणि व्हॅन डाइक यांना जाऊन वीस वर्षंही झाली नव्हती. धंदा आटला तरी नजर आटली नव्हती, अशा शहरात लार्जिलिएरचे डोळे उघडले.

हे वाचताना मला सुरत आठवत राहिली. तापीचं मुख गाळाने भरत गेलं, मोठी जहाजं आत येईनात, १६८७ साली इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीने आपलं मुख्य ठाणं मुंबईला हलवलं, आणि सुरतेच्या मागे मागे नंदुरबारची वाटही हळूहळू विझली. रंगावलीचं पाणी तापीतून सुरतेच्याच समुद्राला जातं. बंदर मिटलं की त्याच्या मागचं शंभरेक मैलांवरचं गावही फिकं पडतं, हे आम्ही अनुभवलं आहे. अँटवर्पबद्दल लिहिणाऱ्या युरोपीय लेखकांना ही गोष्ट जशी दिसते, त्याहून ती आम्हाला जवळून दिसावी.

अँटवर्पला लार्जिलिएरने आंत्वान गूबो या चित्रकाराकडे उमेदवारी केली. गूबो बाजाराची, चौकांची, माणसांच्या गर्दीची चित्रं काढायचा. त्या चित्रांतली फळं, भाज्या, मासे, फुलं रंगवायचं काम पोराकडे आलं. पुढे राजे-राण्या रंगवणाऱ्या हाताने आधी कोबीची पानं आणि माशांचे खवले रंगवले. हा तपशील मला त्याच्या साऱ्या चरित्रात सर्वांत मोलाचा वाटतो. दरबारी व्यक्तिचित्रकार म्हटलं की आपल्याला मखमल, कुरळ्या केसांचे टोप आणि ताठ माना आठवतात. लार्जिलिएरच्या चित्रातही ते सगळं आहे. पण मखमल पाहा : ती मखमलीसारखी मऊ आहे, घडीत अंधार आणि कडेवर प्रकाश, साटीन कडक आहे, लोकर सुस्त आहे, आणि बोटांच्या पेरांतून रक्त वाहतं आहे. वस्तू हातात घेऊन, उलटीपालटी करून, भाव ठरवून पाहायची बाजारातली नजर त्याने दरबारात नेली. पंधरा-सोळाव्या वर्षी तो अँटवर्पच्या चित्रकारसंघात दाखल झाला.

दुसरं बंदर लंडन. लहानपणी तो तिथे एकदा राहून आला होता. १६७५ च्या सुमारास पुन्हा गेला आणि राजचित्रकार पीटर लेली याच्या हाताखाली काम करू लागला. विंडसरच्या राजवाड्यातल्या चित्रांच्या दुरुस्तीत त्याचा हात लागला आणि दुसऱ्या चार्ल्सची नजर त्याच्याकडे गेली. हा दुसरा चार्ल्स आपल्याला ठाऊक आहे : पोर्तुगालच्या राजकन्येशी लग्न ठरलं तेव्हा ज्याला मुंबई आंदण मिळाली, आणि ज्याने १६६८ साली ती वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकली. सुरतेचं आणि पर्यायाने आमच्या वाटेचं भवितव्य ज्याच्या सहीने बदललं, त्याच राजाच्या वाड्यात हा तरुण जुन्या चित्रांवर नवे रंग भरत होता. लंडनला तो आणखी राहिला असता. पण १६७८ मध्ये कॅथलिकांनी राजाला मारण्याचा कट केल्याची खोटी आवई उठली, शहर पेटलं, कॅथलिक माणसाला तिथे राहणं अवघड झालं. लार्जिलिएर कॅथलिक होता. १६७९ साली तो पॅरिसला परतला, जन्मगावी, पण वीस वर्षांनी आणि परक्यासारखा.

टॅव्हर्निअरची गोष्ट बरोबर उलटी आहे. तो पॅरिसला जन्मला, पण त्याचे वडील अँटवर्पहून धर्मछळापासून पळून आलेले प्रोटेस्टंट. घरात नकाशांचा धंदा. लार्जिलिएर पॅरिसला परतला तेव्हा टॅव्हर्निअर सत्तरी ओलांडलेला होता, सहा सफरी झाल्या होत्या, राजाने त्याला उमराव केलं होतं, प्रवासवृत्त १६७६ सालीच छापलं गेलं होतं. १६८५ साली लुईने प्रोटेस्टंटांना दिलेलं संरक्षण काढून घेतलं. म्हातारा पुन्हा पूर्वेच्या वाटेला लागला आणि १६८९ साली मॉस्कोत वारला. एकाला धर्मामुळे लंडन सोडावं लागलं आणि दुसऱ्याच्या धर्माला पॅरिसमध्ये जागा उरली नाही. अँटवर्पचं मूळ दोघांनाही लागलेलं. असे दोघे चित्रकार आणि चित्रविषय म्हणून जोडले जावेत, हे मला विलक्षण वाटतं. बंदराच्या शहरांनी माणसांना असंच इकडून तिकडे फेकलं आणि एकमेकांसमोर आणून बसवलं.

पॅरिसला शार्ल ल ब्रँ याची सत्ता होती. व्हर्सायच्या आरसेमहालाचं छत रंगवणारा, शाही चित्रकला अकादमीचा कर्ताधर्ता. लार्जिलिएरची त्याच्याशी ओळख करून दिली व्हॅन डर म्यूलन या फ्लेमिश चित्रकाराने. परगावी आपल्या मुलखाचा माणूस कामाला येतो तसा. १६८६ साली अकादमीत पूर्ण सदस्य म्हणून प्रवेश मिळवण्यासाठी त्याने जे चित्र दिलं, ते ल ब्रँचंच. आज ते लूव्रमध्ये आहे. ल ब्रँ प्रधानासारखा बसला आहे. भोवती पुतळ्यांच्या प्रतिकृती, छापील चित्रं, ईझलवर राजाच्या विजयाचं चित्र. चित्रकाराने चित्रकाराला दिलेला हा मानाचा मुजरा आहे, आणि राजाच्या पदरी असलेला कलावंत स्वतःला कुठे बसवू पाहत होता हेही त्यात दिसतं. या चित्रावर पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण आहे. मला ते आणखी लांब करायचं होतं.

त्याच सुमारास इंग्लंडच्या गादीवर दुसरा जेम्स आला. राजा-राणीची चित्रं काढायला लार्जिलिएर पुन्हा लंडनला गेला, आणि तिथे राहण्याचा मोह टाळून परत आला. इथून पुढे त्याला दरबारी चित्रकार म्हणायचं की नाही, यावर अभ्यासकांत दोन तऱ्हा दिसतात. माझं मत असं : पदाने तो दरबारी, स्वभावाने शहरी. त्याचा मित्र आणि तोलामोलाचा प्रतिस्पर्धी इयासँत रिगो राजघराण्याचा चित्रकार झाला. १७०१ चं रिगोचं चौदाव्या लुईचं उभं चित्र सगळ्या जगाने पाहिलं आहे. लार्जिलिएरकडे यायचे ते न्यायाधीश, सावकार, नगरशेठ, नट्या, नवी श्रीमंत घरं. दरबारापेक्षा शहरातली गिऱ्हाइकं त्याला बरी वाटत, कारण त्यांचा त्रास कमी आणि पैसे लवकर, असं त्याच्या काळच्या लोकांनी नोंदवलं आहे. यात मला लोभ दिसत नाही. टोप्यांच्या व्यापाऱ्याचा मुलगा, कष्टाचं मोल वेळेवर मिळावं असं म्हणतो, एवढंच दिसतं. बाराशे ते पंधराशे व्यक्तिचित्रं त्याच्या हातून झाली असं सांगतात. अकादमीत तो अध्यापक झाला, पुढे संचालक झाला, आणि १७४६ साली नव्वदीच्या उंबरठ्यावर पॅरिसला वारला.

या सगळ्यांत एक चित्र आमच्याकडच्या माणसाने मुद्दाम पाहावं. पॅरिसच्या सँत एत्येन द्यू मों या चर्चमध्ये ते आजही आहे. १६९४ साली फ्रान्समध्ये दुष्काळ आणि उपासमार होती. पॅरिसकरांनी शहराची रक्षणकर्ती संत जनेव्हिएव्ह हिला साकडं घातलं, पाऊस पडला, आणि नवस फेडायचा म्हणून नगरपालिकेने लार्जिलिएरकडून मोठं चित्र करून घेतलं. वर ढगांत संत, खाली लाल-काळ्या झग्यांत गुडघे टेकलेले नगरशेठ, मागे लोक; त्या गर्दीत त्याने स्वतःचाही चेहरा घातला आहे. पावसासाठी धोंडी मागत दारोदार फिरणारी पोरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे चित्र समजावून सांगावं लागणार नाही. मात्र एक फरक नजरेतून सुटू नये. ज्यांच्या पोटात अन्न नव्हतं ते चित्रात मागे आहेत, आणि ज्यांनी पैसे दिले ते पुढे. मंडीने पाहिलेल्या दुष्काळातली आमच्या वाटेवरची माणसं तर मागेही नाहीत.

कापडाबद्दल थोडं सांभाळून लिहायला हवं. लार्जिलिएरच्या अमुक चित्रातलं तमुक वस्त्र खानदेशातून गेलं, असं मी कुठेही म्हटलेलं नाही आणि वाचकांनीही म्हणू नये. तसा पुरावा माझ्यापाशी नाही. पण जे नक्की आहे ते कमी नाही. बऱ्हाणपूरला झिरझिरीत मलमल आणि जरीच्या काठाचं कापड विणलं जायचं, आणि ते इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान, कैरो इथवर जायचं, असं टॅव्हर्निअर लिहितो. सुरतेला जाणारा त्यातला माल नंदुरबार-नवापूरवरून उतरायचा. फ्रेंच कंपनीने १६६८ साली सुरतेत वखार घातली. त्याच दशकात फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर कंपनीसाठी एक नवं बंदर वसवलं गेलं, त्याचं नावच ‘लोरियाँ’, म्हणजे पूर्व दिशा. आपल्याकडची छापील रंगीत सुती कापडं फ्रान्सला इतकी आवडली की रेशीम आणि लोकरीचे विणकर हवालदिल झाले. १६८६ साली राजाने ती आणायला, छापायला बंदी केली, आणि ती बंदी १७५९ पर्यंत टिकली. लार्जिलिएर अकादमीत गेला तेही १६८६ चंच वर्ष. ज्या पॅरिसमध्ये त्याने साठ-पासष्ट वर्षं मखमल आणि साटीन रंगवलं, त्या पॅरिसच्या घराघरांत हिंदुस्थानी छीट चोरून वापरली जात होती. व्यक्तिचित्रात माणूस काय नेसतो, हा केवळ आवडीनिवडीचा मामला नव्हता. त्यामागे कायदे होते, कारागिरांची पोटं होती, बंदरांची भांडणं होती, आणि दूर कुठेतरी नवापूरचा माग होता.

आता मी ज्यासाठी या चित्रकाराचा कायमचा ऋणी झालो त्या गोष्टीकडे येतो. झाँ-बातिस्त उद्री हा त्याचा शिष्य, पुढे प्राणिचित्रांसाठी प्रसिद्ध झालेला. १७४९ साली अकादमीसमोर रंगावर बोलताना उद्रीने गुरूची एक आठवण सांगितली. एकदा लार्जिलिएरने त्याला फुलांचं चित्र काढायला सांगितलं. उद्रीने रंगीबेरंगी फुलांचा गुच्छ आणला. गुरू म्हणाले, शिकायचं तर सगळी पांढरी फुलं आण. ती आणल्यावर त्यांनी ती फिक्या पार्श्वभूमीवर ठेवली आणि एक पांढरा दुसऱ्या पांढऱ्यापासून कसा वेगळा होतो हे दाखवलं : उजेडाकडचा, सावलीकडचा, पिवळसर, निळसर. चांदीचं भांडं रंगवायचं तर शेजारी कापड, कागद, साटीन, चिनीमातीचं भांडं ठेवून पाहावं, म्हणजे चांदीचा पांढरा नेमका कोणता ते कळतं. ही नजर फ्लेमिश शिक्षणातली, अँटवर्पची. उद्रीने १७५३ साली पांढऱ्या भिंतीवर टांगलेलं पांढरं बदक रंगवलं, शेजारी पांढरा रुमाल, मेणबत्ती, चांदी. ते चित्र १९९० साली इंग्लंडमधल्या हॉटन हॉलमधून चोरीला गेलं.

हा धडा मी वर्गात करून पाहिला. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांना बसणारी मुलं होती; स्थिरचित्राच्या तासाला एरवी आपण लाल घागर, हिरवं कापड, पिवळी केळी मांडतो. मी चुना दिलेल्या भिंतीशी पांढरा पंचा पसरला, त्यावर कापसाचं बोंड, लसणाचा गड्डा, मिठाचे खडे आणि वाटीत तांदूळ ठेवले. मुलं गोंधळली. एक म्हणाला, ‘सर, कागद तर आधीच पांढरा आहे, काढू काय?’ अर्धा तास कुणी ब्रश उचलला नाही. मग एका मुलीने सांगितलं की कापूस पंच्यापेक्षा गरम दिसतो. दुसऱ्याला मिठात निळं दिसलं. शाळेच्या मागे मिरचीच्या पथाऱ्या होत्या, आणि दुपारी ऊन फिरलं तशी त्या लाल वाळवणाची झाक खिडकीतून पंच्याच्या एका कडेवर चढली. ती सगळ्या मुलांनी एकदमच पाहिली. तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत इतका शांत आणि इतका जागा वर्ग मी दुसरा पाहिला नाही. तेव्हा ठरवलं की या माणसाबद्दल मराठीत लिहायचं.

शेवटच्या प्रकरणात मी लार्जिलिएरच्या पलीकडे गेलो आहे. हिंदुस्थानी माणूस स्वतः युरोपीय चित्रकारासमोर बसतो तेव्हा काय होतं, हे पाहायचं होतं. टिपू सुलतानाचे तीन वकील १७८८ साली तूलाँ बंदरात उतरून पॅरिसला गेले. राणी मारी आंत्वानेतची चित्रकर्ती एलिझाबेथ विजे ल ब्रँ हिने त्यांतल्या मोहम्मद दरवेश खानाचं भव्य चित्र काढलं. खान कुणाच्याही डोळ्याला डोळा भिडवत नाही, तलवारीवर हात ठेवून दुसरीकडे पाहतो. चारच वर्षांनी पुण्यात जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांना रंगवलं. तो अॅबरडीनच्या बाजूचा, तोही समुद्रकाठचाच. त्याच्या आणि पुण्याचे चित्रकार गंगाराम तांबट यांच्या कामाबद्दल मराठीत आणखी लिहिलं जायला हवं. शिवाजी महाराजांचं चित्र डच लेखक व्हॅलेंटाइनच्या ग्रंथातून वा. सी. बेंद्रे यांनी मराठी माणसापुढे आणलं, ते तर आपल्या चांगलंच परिचयाचं आहे. आपल्या राजाचा चेहरा ओळखायला आपल्याला परक्या बंदरातून आलेल्या कागदाचा आधार घ्यावा लागला. म्हणून त्या बंदरांतले चित्रकार कसे शिकले, काय पाहत होते, कुणासाठी काम करत होते, हे आपण समजून घ्यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

पुस्तकाबद्दल दोन गोष्टी. फ्रेंच आणि फ्लेमिश नावं उच्चाराच्या जवळ जातील अशी लिहिली आहेत. टॅव्हर्निअर मात्र मराठीत रुळलेलाच ठेवला. चित्रांच्या छपाईत मूळचे रंग पूर्ण उतरत नाहीत, विशेषतः काळे आणि पांढरे. म्हणून प्रत्येक प्रकरण वाचण्याआधी चित्र दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी धरून पाहावं, आणि चेहऱ्याआधी कापड पाहावं.

जिल्ह्यातल्या आणि बाहेरच्याही चित्रकला शिक्षकांना एक विनंती आहे. वर्षातून एक तास रंगीत वस्तू बाजूला ठेवा. गावात जे पांढरं मिळेल ते मांडा : कापूस, मीठ, तांदूळ, धुतलेला पंचा. मुलांना काही सांगू नका, फक्त बसू द्या. आणि नवापूरच्या बाजूला कुणाच्या घरी बारीक दाण्याचा, वासाचा जुना भात अजून पेरला जात असेल, तर मूठभर तांदूळ त्या मांडणीत अवश्य ठेवा.